कितव्या पानावर? : वाचनालयाच्या फळ्याच्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

आज वाचन प्रेरणा दिन. सकाळी शाळेत कार्यक्रम झाला. कलामांच्या फोटोला हार, पाहुण्यांचं भाषण पाऊण तास, मुलांचं वाचन दहा मिनिटं. ‘वाचाल तर वाचाल’ तीन वक्त्यांनी म्हटलं. ‘बाळा, तू सध्या काय वाचायलास?’ असं मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी वाचनालय उघडलं तरी तेच डोक्यात. देवघेवीचं रजिस्टर काढून बसले. सप्टेंबरात ३८ पुस्तकं गेली. कोण काय घेऊन गेलं ते सगळं लिहिलेलं आहे. त्यातलं वाचलं किती, आवडलं काय, याला रकानाच नाही. पुस्तक पंधरा दिवस टीव्हीच्या डोक्यावर पडून राहिलं तरी रजिस्टरात ते ‘वाचनास दिले’.

अंगणवाडीनं टाकून दिलेला एक फळा मागच्या खोलीत आहे. चार बाय तीन. पुसला, नव्वद रुपयांचा काळा रंग आणून मारला. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं : ‘सध्या काय वाचताय?’ खाली खडू दोरीनं बांधला, नाहीतर उद्या तो शाळेत सापडेल.

रंग वाळायच्या आत दोघं जण चौकशीला आले. दुपारी निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. फळ्यावर कुणाचं नाव येणार ते विचारायला. म्हटलं, पुस्तकाचं. त्यांचा विश्वास बसला नाही.

१८ ऑक्टोबर

तीन दिवसांत तीन नोंदी.

एक : ‘सातबारा’. दोन : ‘लाइट बिल’. तीन : ‘ज्ञानेश्वरी’, ही गुरुजींची, वळणदार अक्षरात.

सोयाबीनची रास चालू आहे. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि आडतीवर मिळतोय त्यापेक्षा बराच कमी. अशा दिवसांत सातबारा वाचणारा माणूस खोटं लिहीत नाही, म्हणून ती नोंद पुसली नाही.

२१ ऑक्टोबर

चूक प्रश्नात आहे. ‘काय वाचताय’ म्हटलं की माणूस तोंडी परीक्षेला उभा राहतो आणि शोभेल ते सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं फळ्यावर ‘चालू घडामोडी’ लिहिलं. त्याच्याकडं शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ गेले २६ दिवस आहे, दोनदा मुदत वाढवून घेतलीय. कादंबरी वाचतो म्हटलं तर घरचे म्हणतील, अभ्यास सोडून हे काय.

आज वरचं वाक्य पुसून नवीन लिहिलं : ‘कितव्या पानावर आहात?’

पानाच्या आकड्याला लाज नसते.

२४ ऑक्टोबर

पोरगं आलं, इकडं तिकडं बघितलं, खडू घेतला आणि लिहिलं : ‘४१२’. पुस्तकाचं नाव नाही, स्वतःचं नाही. बाहेर गेलं आणि परत येऊन बाजूला लिहिलं, ‘आन् अजून लई हाय’.

२८ ऑक्टोबर

प्रश्न सुधारला तरी वाचणारे तेच सात-आठ. याचं कारण पुस्तकात नाही, गावाच्या नकाशात आहे. आमचं गाव १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसलं. रस्ते सरळ, प्लॉट ऐसपैस, घराघरांत अंतर. जुन्या गावात पार होता, वेस होती, जाता-येता माणूस माणसाला धडकायचा. इथं वाचनालय पार कडेला, समाजमंदिराच्या मागं. फळ्यापुढून जायला कुणाला काही कारणच पडत नाही.

मग माणसं थांबतात कुठं? बराच विचार केला. एसटीच्या थांब्यावर थांबतात, पण लक्ष रस्त्याकडं. दवाखान्यात थांबतात, पण जीव थाऱ्यावर नसतो. निवांत थांबायची एकच जागा : पिठाची गिरणी. डबा ठेवला की नंबर येईपर्यंत करायला काही नसतं.

गिरणीवाल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “लावा की. पण पुसायचं काम मी करणार न्हाई.”

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सात दिवाळी अंक घेतले, जास्त झेपत नाहीत. मराठीत ही चाल १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची, तेव्हा अंक वर्गणीदाराच्या घरी जायचा, आता आमच्याकडं एका अंकाला अकरा घरं. नेहमीप्रमाणं सगळ्यात आधी राशिभविष्याचं पान फाटणार.

६ नोव्हेंबर

फळा गिरणीत लागला. अडचण पहिल्याच दिवशी : पीठ उडतं. संध्याकाळपर्यंत काळा फळा राखाडी होतो आणि खडूची अक्षरं पिठात मिसळून जातात. ताईंनीच उपाय काढला, ओल्या बोटानं लिहायचं. पिठावर काळी अक्षरं उमटतात. खडू लागत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पीठ बसतं आणि फळा आपोआप कोरा.

म्हणजे रोजच्या रोज वहीत उतरवून घेणं आलं. आता या वहीत दोन ठिकाणच्या नोंदी : गिरणीतल्या आणि वाचनालयातल्या.

आज सोळा आकडे. त्यात ‘पोथी, अध्याय ७’ तीन वेळा.

९ नोव्हेंबर

आबा आले. वय ८७. दर शनिवारी काठी टेकत वाचनालयात येतात, गिरणीत नाही. पीठ छातीत जातं म्हणतात. त्यांनी वहीत स्वतः लिहायला नकार दिला, “तूच लिही, मी सांगतो.”

ते सेतुमाधवराव पगडींचं ‘जीवनसेतु’ वाचताहेत, पान ८७. त्यांच्या वयाचाच आकडा आलाय याची त्यांना फार मौज वाटली. पगडी शेजारच्या निलंग्याचे, जन्म १९१०चा. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत चढत गेलेला माणूस. उर्दू, फारसी येणारा, पुढं इतिहासावर आणि उर्दू काव्यावर मराठीत लिहिणारा. आबांची पहिली तीन इयत्तांची शाळा निजामाच्या राज्यात झाली. उर्दू अक्षरं अजून हाताला आठवतात. १९४८ला निजामाचं राज्य संपवणारं पोलीस ॲक्शन झालं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि मग शाळेतलं सगळंच बदललं.

भिंग घेऊन वाचतात. एका ओळीवर भिंग थांबलं की तिथं पाच मिनिटं. मी विचारलं, आवडतंय का? म्हणाले, “आवडायचं न्हाई गं. मी हे आधीच जगलोय, ह्यो माणूस नीट सांगायलाय का, तेवढं तपासायलोय.”

हेही वाचण्याचं एक कारण असू शकतं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वहीत लिहिलं : ‘आबा, पान ८७, तपासणी चालू.’

२० नोव्हेंबर

मतदान. वाचनालय बंद.

२७ नोव्हेंबर

टेलर काकांकडं गेले. ते सभासद आहेत, वर्गणीही भरतात, पण दुकान सोडून येता येत नाही म्हणून गेल्या दोन वर्षांत एकही पुस्तक नेलेलं नाही. मुद्दाम ‘उसवण’ घेऊन गेले. तुळजापूरच्या देविदास सौदागरांची कादंबरी, यंदाचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेली. लेखक स्वतः शिवणकाम केलेला आणि विषयही तोच : रेडिमेड कपडे आल्यावर शिंप्याच्या मशीनचं काय होतं. छोटेखानी पुस्तक आहे.

काकांनी आधी पाठीमागचा लेखकाचा फोटो बघितला. मग म्हणाले, “तुळजापूरचा हाय व्हय? मग ह्याला काज-बटन करता येत असंल.” ही त्यांची पुस्तक तपासायची रीत.

४ डिसेंबर

फळ्यावर ‘३४’. शेजारी कात्रीचं चित्र. काकांनी कुणाच्या तरी डब्याबरोबर निरोप पाठवला असणार.

७ डिसेंबर

दुकानात डोकावले. पायमशीनच्या फळीवर अर्धवट शर्ट, त्याच्या कॉलरखाली पुस्तक पालथं. खूण म्हणून कॉलरच्या बक्रमची कातरलेली पट्टी. इथवर ठीक. पण पान उघडलं तर आवडलेल्या ओळींच्या बाजूला मार्किंगच्या निळ्या खडूच्या रेघा! जशी कापडावर मारतात तशी, तिरकी आणि छोटी.

बोलले, जरा जोरातच. काका घाबरले नाहीत. “ताई, ही धुतल्यावर जाती.”

पुस्तक धुवायचं कसं, ते विचारायचं राहून गेलं.

११ डिसेंबर

गिरणीत भांडण. ‘मृत्युंजय’च्या नोंदीखाली कुणीतरी लिहिलं, ‘शेवटी कर्ण मरतो’. भरतीचं पोरगं डबा खाली आपटून उभं राहिलं. बाकीचे हसायला लागले : अरे, महाभारत आहे, अख्ख्या जगाला माहीत आहे! पोरगं म्हणालं, “मलाबी म्हाईत हाय ओ. पर वाचताना वाटायलं हुतं, यावेळी वाचंल म्हणून.”

नियम केला आणि फळ्याच्या चौकटीवर रंगानं लिहिला, पिठानं झाकणार नाही असा : ‘आपण आहोत त्या पानाच्या पुढचं सांगायचं नाही.’ हा नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

१९ डिसेंबर

काल साहित्य अकादमीचे पुरस्कार जाहीर झाले. मराठीसाठी सुधीर रसाळ सरांना, ‘विंदांचे गद्यरूप’. आपल्या मराठवाड्याचे समीक्षक, नव्वदी ओलांडलेले. बातमीचं कात्रण लावलं. आमच्याकडं पुस्तक नाही आणि खरं सांगायचं तर समीक्षा मागायला इथं कुणी येतही नाही. बीएच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोरीनं मात्र विचारलं. मागवायच्या यादीत घातलं.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

आज नोंद लिहायची नव्हती. आमच्याकडं आज अख्खं गाव शेतात पूजेला आणि जेवायला जातं, तिथं लिहायची गोष्ट नाही. पण लिहितेच.

ज्वारीच्या शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबिलीचं बिंदगं (मडकं). ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पुरुषमंडळी शेताला फेरी घालून आली. जेवणं झाल्यावर बायका कोपीच्या सावलीत लवंडल्या. अक्का, टेलर काकांच्या शेजारी राहणाऱ्या, अक्षरओळख नाही, वय सत्तरीच्या पुढं, बायकांना काही सांगत होत्या. मला आधी वाटलं, गावातल्याच कुणाच्या घरचं चाललंय. शिंप्याचं घर, कामच येईना, दुकानाचं भाडं, घरात कुरबूर. एक बाई म्हणाली, “कुणाचं गं हे? आपल्या टेलरचं?” अक्का म्हणाल्या, “न्हाई गं माय, पुस्तकातल्या शिंप्याचं.”

‘उसवण’! काकू रात्री काकांकडून वाचून घेतात, सकाळी पाणी भरताना अक्कांना सांगतात, अक्का शेतात सांगतात. पुस्तक रजिस्टरात एका नावावर आहे आणि कोपीत बसलेल्या नऊ बायकांना ते ठाऊक आहे. त्यांतल्या दोघी तर ‘पुढं काय झालं’ म्हणून अक्कांच्या मागं लागल्या. अक्का म्हणाल्या, “तितकंच झालंय अजून. त्येनं काल वाचलं न्हाई, शर्टाची घाई हुती.”

नियम अक्कांपर्यंतही पोचलाय म्हणायचा.

२ जानेवारी २०२५

वहीत नवी खूण : ‘ऐ’. ऐकलेलं. अक्कांच्या नावापुढं पहिली ‘ऐ’ मांडली. पोथी ऐकणाऱ्यांनाही तीच लावली. पारायणाला बसलेल्या बायकांना आपण कधी वाचक म्हणून मोजलंच नव्हतं.

८ जानेवारी

पोरांनी फळ्याच्या खालच्या भागावर ताबा मिळवलाय, हात पोचतो तेवढ्या. ‘किशोर’चे अंक वाचणारी टोळी आहे पाचवीची. बालभारतीचा हा अंक १९७१ पासून निघतोय; आमच्याकडं जुन्या अंकांचा गठ्ठा आहे, त्यातले काही त्यांच्या आयांनी शाळेत असताना वाचलेले. एका मुलीनं अंकातलं शब्दकोडं आधीच पेनानं सोडवलेलं बघून तक्रार केली. अक्षर ओळखलं, तिच्याच आईचं. आई म्हणाली, “त्यातलं आडवं पाच चुकलंय बघ.”

२२ जानेवारी

समितीची बैठक. फळ्याचा हिशेब मागितला. डिसेंबरातली देवघेव ४०. सप्टेंबरात ३८ होती. “तीन महिने खटाटोप करून दोन पुस्तकं वाढली?” एका सदस्यांचा प्रश्न रास्त आहे. तपासणीला येणारे साहेब रजिस्टरच बघणार, गिरणीतलं पीठ नाही.

मी दुसरी वही पुढं केली. एक पुस्तक घेणारा एक, वाचणारे तीन, ऐकणारे पाच. पुस्तक परत यायला उशीर होतोय तो याच्यामुळं. ते घरात पडून नाही, हातोहात फिरतंय. सदस्य म्हणाले, मग त्या तिघांना सभासद करून घ्या, वर्गणी येईल. चहा आला आणि विषय कपाटाच्या वाळवीकडं वळला. वाळवीवर मात्र एकमत झालं.

निळ्या रेघांचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

१२ फेब्रुवारी

काल कादंबरीकार रा. रं. बोराडे सर गेले. जन्म इथलाच, लातूर तालुक्यातल्या काटगावचा. सकाळपासून तीन जणांनी ‘पाचोळा’ मागितली. बातमीत नाव वाचलं की पुस्तक आठवतं, ही आपली खोड. पण आठवलं तरी.

कपाटातून काढली. दाखल क्रमांक २१२. पाठ सुटलेली, दोन फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, लोंबकळणारे. मागच्या तारीख चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २००९चा. पंधरा वर्षं हे पुस्तक इथं उभं आहे. मी इथं नऊ वर्षं काम करतेय. रोज त्याच्या पुढ्यातून झाडू मारते.

‘पाचोळा’ १९७१ची. गंगाराम शिंपी आणि त्याचं घर, सगळं सांगते ती त्याची बायको पारबती, पहिल्या ओळीपासून आपल्या बोलीत. शिंप्याची गोष्ट! ‘उसवण’ शोधायला मी किती लांब बघत होते, आणि ही हाताशी होती.

मागणारे तिघं थांबतील. आधी टेलर काकांकडं गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, नाव वाचलं, आतली दोन पानं वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

“हे कवापासून हाय आपल्यात?”

“नोंद ९६ची आहे.”

“आन् मला आता देऊलालाव?”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मशीनचा पाय हलत होता, सुई रिकामीच वरखाली.

१६ फेब्रुवारी

काकांचा आकडा फळ्यावर नाही. विचारलं तर म्हणाले, आकडा लिहायला वेळ नाही, वाचतच बसलोय. रात्री दुकान बंद केल्यावर मोठ्यानं वाचतात, काकू ऐकतात. काकू मध्येच थांबवतात. पारबती म्हणते ते शब्द त्यांच्या आईच्या तोंडी होते, आता पोरी बोलत नाहीत. एका शब्दावर दोघांचा वाद झाला, तो काटगावकडचा की तुळजापूरकडचा. मला निवाडा करायला बोलावलं. मी म्हटलं, मी माहेरची परभणीची, मला यात पाडू नका.

१९ फेब्रुवारी

‘६१’. कात्री नाही. काका स्वतः गिरणीत येऊन लिहून गेले, ज्वारी दळायला आणलीच नव्हती.

दुकानावरून जाताना हाक मारली. “ताई, एक सांगतो. ह्या जुन्या पुस्तकातल्या शिंप्याला गावानं खाल्लं. त्या नव्यातल्याला रेडिमेडनं. कोणतं बरं?”

मी म्हटलं, तुम्ही सांगा.

“गाव निदान दारात येऊन भांडतं तरी. रेडिमेडवाल्याचं तोंडबी दिसत न्हाई.” मग कापडावर रेघ मारत म्हणाले, “तुमी पुढचं सांगू नका. अजून संपलं न्हाई.”

दोन्ही पुस्तकांवर मला याहून नेमकं काही म्हणता आलं नसतं. वहीत जसंच्या तसं उतरवलं.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. सकाळी गिरणीत गेले तर फळा नाही. कार्यक्रमासाठी नेलाय म्हणे, कुणी विचारलं नाही. दुपारी परत आला : घासून पुसलेला, वर रंगीत खडूनं कमळांची नक्षी आणि मध्ये ‘मराठीचे जतन करा’. चौकटीवरचा नियमही खरवडून काढलेला. वहीत उतरवलेलं होतं म्हणून कालपर्यंतचं सगळं शिल्लक आहे, नाहीतर चार महिने पाण्यात.

ताईंनी कमळं तशीच ठेवली. “राहू द्या, सांजच्याला पीठ बसंल.”

बसलं.

४ मार्च

‘पाचोळा’ परत आली. मुदतीच्या सहा दिवस उशिरा. दंड घेतला नाही. लोंबकळणारे फर्मे जागेवर. काकांनी पाठ शिवलीय, मशीनवर नाही, हातानं, मेणावर ओढलेल्या दुहेरी दोऱ्यानं. टाके मोजले, चौदा. आत निळ्या रेघा आहेतच. एका पानावर तीन.

त्या पुसल्या नाहीत. चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर नवी डकवली, शिक्का मारला : १८ मार्च. पुढचा नंबर गिरणीवाल्या ताईंचा. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं, पिठाच्या भीतीनं. त्यांनी पिशवी तिथंच काढून परत केली आणि पहिलं पान उघडलं, कुणाचा तरी डबा मापावर तसाच ठेवून.